घरचे मराठी जेवण आणि हजार रुपयांच्या आतील वाइन: कशाबरोबर काय जुळते?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. वाइन आणि जेवणाच्या जोड्यांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातील बहुतेक मजकूर चीज, भाजलेले मांस आणि पास्ता यांना समोर ठेवून लिहिलेला असतो. आपल्याकडे एका ताटात कोशिंबीर, चटणी, तळण, रस्सा आणि गोड पदार्थ एकाच वेळी येतात. प्रत्येक पदार्थाला वेगळी वाइन देण्याची पद्धत तिथे लागू पडत नाही, आणि तेवढ्या बाटल्या घेणे परवडतही नाही.

पुढील महिन्यात काही मित्र जेवायला येणार आहेत. बेत असा ठरला आहे: कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई, भरली वांगी, मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि शेवटी श्रीखंड. प्रत्येक बाटली हजार रुपयांच्या आत बसावी आणि शक्यतो महाराष्ट्रातच तयार झालेली असावी, अशी इच्छा आहे. मुख्य प्रश्न मटणाचा आहे. मटणाबरोबर रेड वाइन हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो; मात्र झणझणीत रश्श्याबरोबर रेड घेतली की रस्सा अधिकच जहाल लागतो आणि वाइन कडवट होते. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

तिरफळ

प्रश्न फार चांगला आहे, आणि याचे कारण मटणात नसून मसाल्यात आहे. रेड वाइन द्राक्षांच्या सालीसह आंबवतात, त्यामुळे साल आणि बी यांतील टॅनिन तिच्यात उतरते. जिभेला जाणवणारा तुरटपणा तो हाच. टॅनिन प्रथिनांना चिकटते, म्हणून चरबीदार आणि कमी मसाल्याच्या भाजलेल्या मांसाबरोबर हा तुरटपणा सौम्य होतो. आपल्या रश्श्यात मात्र मिरची असते. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडात उष्णतेची जाणीव निर्माण करते आणि अल्कोहोल ती जाणीव वाढवते; त्यात तुरटपणाची भर पडली की दोन्ही गोष्टी एकमेकींना भडकवतात. याच्या उलट, किंचित गोडवा तिखट खाली आणतो आणि वाइन थंड असेल तर आणखी आराम पडतो.

म्हणून माझे मत असे आहे की आपल्या जेवणासाठी वाइन निवडताना ताटात मांस आहे, मासा आहे की भाजी आहे हे दुय्यम समजावे आणि मसाला किती व कसला आहे हे आधी पाहावे. हजार रुपयांच्या आत नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन सहज मिळते. तिच्यात आंबटपणा चांगला असतो, बऱ्याच कंपन्या थोडी साखर शिल्लक ठेवतात आणि टॅनिन जवळजवळ नसते. आपल्या संपूर्ण बेतासाठी एकच बाटली निवडायची झाली तर मी डोळे झाकून तीच निवडेन.

पांढरा रस्सा

तिरफळताईंचे विवेचन पटते. परंतु सगळ्या मटणाला एकाच मापात बसवू नये असे कोल्हापूरकर म्हणून नम्रपणे सांगतो. तांबड्या रश्श्याबरोबर शिराझ किंवा कॅबर्ने सॉव्हिन्यों या रेड वाइन जुळत नाहीत, हे मान्य आहे. मात्र सुके मटण तिखटाला आवर घालून, कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून केले असेल, तर नाशिकची साधी शिराझ त्याच्याबरोबर फार सुरेख लागते. शिराझच्या अंगी काळ्या मिरीसारखा वास असतो आणि तो भाजलेल्या खोबऱ्याशी, लवंग-दालचिनीशी मिळून जातो. अट एकच, वाइन तुरट आणि जड नको.

पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू आणि खसखस असते. तिथे रेडचा विचारही करू नये. शेनिन किंवा व्हिओनिए ही व्हाइट वाइन घ्यावी. तांबड्या रश्श्यासाठी थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, हा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग आहे. रोझेला रंग आणि फळांची चव काळ्या द्राक्षांची मिळते, परंतु सालीचा संपर्क थोडाच वेळ असल्यामुळे तुरटपणा कमी राहतो. नाशिकच्या सुला या कंपनीची झिनफँडेल रोझे थोडी गोडसर असते आणि तिखटाबरोबर तोच गोडसरपणा कामी येतो.

वऱ्हाडी पाहुणा

मी थोडा विरोधी सूर लावतो. सावजी रश्श्याबरोबर मी रोझे, शेनिन आणि फसफसणारी अशा सगळ्या प्रकारच्या वाइन घेऊन पाहिल्या आहेत. फसफसणारी तर तिखटावर सुईसारखी टोचते. माझा अनुभव सांगतो की ठरावीक तिखटाच्या पुढे कोणतीही वाइन टिकत नाही, तिची चवच कळत नाही, आणि तिथे पैसे खर्च करण्याऐवजी ताक प्यावे. सावजी जेवणाने वाइनला हरवले तर त्यात वाइनचा अपमान नाही, सावजीचा सन्मान आहे!

तिरफळ

पाहुणे, हे शंभर टक्के मान्य. फसफसणारी टोचते त्यालाही कारण आहे: कार्बन डायऑक्साइड तोंडातील ज्या संवेदनांना चेतवतो त्या झोंबण्याच्याच जातीच्या आहेत. म्हणून फसफसणारी वाइन तळणासाठी राखून ठेवावी. कोथिंबीर वडी, अळूवडी, बटाटेवडा, तळलेले बोंबील यांच्या तेलकटपणावर आंबटपणा आणि बुडबुडे दोन्ही काम करतात आणि तोंड पुढच्या घासासाठी स्वच्छ होते. मात्र वडीबरोबर लसणीची चटणी नको.

द्राक्षमळा

मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. आमच्या बागेचा काही भाग खाण्याच्या द्राक्षांचा आणि काही भाग वाइनच्या द्राक्षांचा आहे. स्वस्त वाइन घेताना व्हाइट का निवडावी, याचे उत्तर बागेतही आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युरोपात थंडीत वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपत नाही, त्यामुळे आम्ही दोन छाटण्या करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते आणि तिच्यापासून आलेला माल जानेवारी ते मार्च या काळात तोडला जातो. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या रात्री थंड असतात आणि त्या थंडीमुळे द्राक्षातील आंबटपणा टिकतो. तोड उशिरा झाली आणि फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागले की साखर भराभर चढते आणि आंबटपणा घसरतो. शेनिनसारख्या जातीचा आंबटपणा मुळातच भक्कम असल्यामुळे ती आमच्या हवेत चांगली टिकते. १९९७ साली सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी नाशिकजवळ शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाइनच्या जाती लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. या परिसरात वाइनच्या द्राक्षांना त्यानंतरच खरा जोर आला. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी शँपेनच्या पद्धतीची फसफसणारी वाइन करून दाखवली होती, हेही विसरू नये.

आता दराविषयी. व्हाइट वाइनला रस लवकर वेगळा करून, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत आंबवायचे असते आणि काही महिन्यांत ती बाटलीत भरता येते. चांगल्या रेडला मात्र साल आणि बी पूर्ण पिकलेली द्राक्षे लागतात, त्यासाठी वेलीवरचा माल कमी ठेवावा लागतो, आणि पुढे ओकच्या पिंपात मुरवायची तर पिंपाचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. हजार रुपयांच्या आत राहायचे तर या सगळ्यात कुठेतरी काटकसर होणारच. म्हणून त्याच किमतीला मिळणारी व्हाइट वाइन बहुधा रेडपेक्षा सरस असते. सगळ्या स्वस्त रेड वाईट असतात असे मी म्हणत नाही; कमी तुरट, ताजी, फळांच्या चवीची आणि पिंपात न घातलेली रेड या दरात चांगली मिळू शकते.

शांत वाचक

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. रेड वाइन घरातील तापमानाला द्यावी असे म्हणतात. पुण्यात एप्रिल महिन्यात घरातले तापमान तीस अंशांच्या वर असते. मग काय करावे?

दूरदेशी

तो सल्ला थंड देशांतील जुन्या दगडी घरांसाठी होता. रेड साधारण १६ ते १८ अंशांना चांगली लागते आणि हलकी रेड त्याहूनही थंड चालते. तीस अंशांना अल्कोहोल नाकात शिरते आणि चव विस्कळीत होते. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडावी. व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांना, फसफसणारी त्याहून थोडी थंड द्यावी. मात्र बर्फगार करू नये. फार थंड वाइनचा वास येत नाही आणि वासाशिवाय चव अर्धीच उरते.

मी जर्मनीत राहतो, म्हणून एक भर घालतो. येथे मोझेल नदीच्या खोऱ्यात काबिनेट नावाच्या दर्जाची रिसलिंग ही व्हाइट वाइन मिळते. तिच्यात अल्कोहोल बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या आत असते, आंबटपणा धारदार असतो आणि साखर थोडी शिल्लक असते. दहा युरोंच्या आत चांगली बाटली सहज येते. घरी मिसळ केली की आम्ही हीच घेतो, आणि कमी अल्कोहोल, गोडवा, आंबटपणा हे तिन्ही गुण तिखटाबरोबर एकाच वेळी उपयोगी पडतात. परदेशातील मराठी मंडळींनी लेबलवर ‘ट्रॉकेन’ असे लिहिलेली बाटली तिखट जेवणासाठी टाळावी, कारण ती कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, असते. ‘फाइनहेर्ब’ लिहिलेली किंचित गोडसर असते.

इंद्रायणीकाठ

दूरदेशी, हीच रिसलिंग मुंबई-पुण्यात शोधली तर दर अनेक पटींनी वाढलेला दिसतो. याचे कारण केवळ वाहतूक आहे का?

दूरदेशी

मुख्य कारण आयातशुल्क आहे. परदेशी वाइनवर भारताचे मूळ शुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले आणि त्यावर राज्यांचे कर, वितरकाचा व दुकानदाराचा वाटा चढतो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि त्यात पाच ते पंधरा डॉलरच्या बाटल्यांवरील शुल्क १०० टक्क्यांवर आणून पुढे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. तरीही भारतात हजार रुपयांच्या आसपास मिळणारी परदेशी बाटली तिच्या देशातली अगदी तळाच्या दराची असण्याची शक्यता दाट असते. तेवढ्या पैशांत नाशिकची किंवा अकलूजची वाइन अधिक प्रामाणिक माल देते.

खमंग फोडणी

भरल्या वांग्यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. गोड्या मसाल्यात दगडफूल, खोबरे, तीळ आणि धने असतात, भरल्या वांग्यांत त्यावर शेंगदाण्याचे कूट, गूळ आणि चिंच येते. पदार्थ गोड असेल तर कोरडी वाइन त्याच्यापुढे आंबट आणि पाणचट लागते. पदार्थ आंबट असेल तर कमी आंबट वाइन सपक लागते. वांग्यात गूळ आणि चिंच दोन्ही आहेत, म्हणून वाइनला थोडा गोडवा आणि भरपूर आंबटपणा हवा, आणि इथेही शेनिनच पुढे येते.

रेड हवीच असेल तर अकलूज परिसरातील फ्रातेल्ली या वाइन कंपनीने लावलेल्या सांजोव्हेजे या इटालियन जातीचा विचार करावा. तिच्यात मूळचा आंबटपणा चांगला आहे, म्हणून टोमॅटो आणि चिंचेच्या पदार्थांपुढे ती पडत नाही. गोड्या मसाल्याच्या आमटीबरोबरही ती मला आवडते, मिरची कमी असेल तर.

माझाही एक प्रश्न आहे. आमच्या घरी काही जण काटेकोर शाकाहारी आहेत. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा बलक वापरतात असे ऐकले. ते खरे आहे का?

द्राक्षमळा

ताई, बलक नव्हे, अंड्याचा पांढरा भाग वापरण्याची जुनी पद्धत आहे, विशेषतः रेड वाइनमधील टॅनिन मऊ करण्यासाठी. दुधातील केसिन आणि माशाच्या पिशवीपासून मिळणारे आयसिंग्लास हेही वापरले जाते. हे पदार्थ गाळासोबत काढून टाकले जातात, पण काटेकोर शाकाहारी व्यक्तीला तेवढे पुरेसे वाटणार नाही. बेंटोनाइट नावाच्या मातीने व्हाइट वाइन नितळ करता येते आणि अनेक ठिकाणी तीच वापरतात. पाहुण्यांसाठी बाटली घेताना उत्पादकाला थेट विचारावे. वायनरीतील मंडळी हे मोकळेपणाने सांगतात.

मांडवीतीर

सुरमईचा विषय सुटू नये म्हणून गोव्यातून लिहितो. माशाबरोबर रेड नको, या सांगण्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. २००९ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की वाइनमधील लोहाचे प्रमाण जास्त असेल तर समुद्री अन्नाबरोबर तोंडात माशाचा उग्र वास मागे राहतो. रेडमध्ये लोह बहुधा जास्त असते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर हे फार जाणवते. रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर सॉव्हिन्यों ब्लाँ घ्यावी. तिच्यात हिरव्या मिरचीसारखा, ताज्या गवतासारखा वास असतो आणि कोथिंबीर-लिंबाच्या हिरव्या वाटणाशी तो सख्ख्या भावासारखा वागतो. सोलकढी मात्र वाइनच्या घोटांमध्ये आणू नये. कोकमाच्या आंबटपणापुढे वाइन सपक होते. सोलकढी शेवटी भातावर घ्यावी.

गोव्यात येणारे पर्यटक येथील स्वस्त ‘पोर्ट’ घेऊन जातात आणि ती माशाबरोबर पितात, ते पाहून वाईट वाटते. ती गोड रेड वाइन आहे आणि तिची जागा जेवणाच्या शेवटी आहे. पोर्तुगालमधील डोरू खोऱ्यातील पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया मध्येच थांबवण्यासाठी द्राक्षाचे मद्य घालतात, त्यामुळे ती बरीच तीव्र असते. गोव्यातील स्वस्त बाटलीकडून तशी अपेक्षा ठेवू नये. बेबिंकेबरोबर एक लहान पेला घेऊन पाहा. अंड्याचा बलक, नारळाचे दूध आणि भाजलेल्या थरांची खरपूस चव यांना तो गोडवा शोभतो. सोरपोतेल आणि विंदालू या गोव्याच्या मांसाच्या पदार्थांत व्हिनेगर असल्यामुळे तिथे कोरडी वाइन टिकत नाही, हेही अनुभवाने सांगतो.

पांढरा रस्सा

श्रीखंडाचे काय? माझ्या मते श्रीखंडाबरोबर वाइन देऊ नये. वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट लागते, आणि आपल्या श्रीखंडापेक्षा गोड वाइन शोधणे सोपे नाही.

खमंग फोडणी

लेट हार्व्हेस्ट शेनिन घेऊन पाहा. वेलीवर जास्त काळ ठेवून साखर एकवटलेल्या द्राक्षांची ती असते. श्रीखंडात साखर कमी घालून, चक्क्याचा आंबटपणा राखून, केशर-वेलची थोडी अधिक घातली तर दोन्ही छान जमतात. पुरणपोळीबरोबर मात्र मलाही अजून काही जमलेले नाही. त्या जागी साजूक तूपच बरे.

शांत वाचक

इतकी माहिती वाचल्यावर प्रश्न पडतो की नवख्या माणसाने चव ओळखायला शिकावे कसे? वर्णनात लिहिलेले लिची, गूजबेरी वगैरे मला कधीच जाणवत नाही.

तिरफळ

लिची-गूजबेरी बाजूला ठेवावे. चौघांनी मिळून एकाच दराच्या तीन बाटल्या घ्याव्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घालावेत आणि चारच गोष्टी लिहाव्यात: आंबटपणा किती, गोडवा किती, तुरटपणा किती आणि गिळल्यानंतर चव किती वेळ राहते. आंबटपणा तोंडाला सुटणाऱ्या पाण्यावरून कळतो, तुरटपणा हिरड्या कोरड्या पडल्यावरून. त्यानंतर प्रत्येक वाइनचा एक घोट आधी नुसता, मग वडीच्या घासानंतर, मग रश्श्याच्या घासानंतर घ्यावा. तीच वाइन तीन वेळा वेगळी लागते, आणि आपल्याला शिकायचे आहे ते हेच. वासांची नावे हळूहळू येतात आणि ती पेरू, आवळा, कैरी अशी आपल्या ओळखीची असली तर अधिक उपयोगी पडतात. घोट लहान ठेवावेत, थुंकायला एक भांडे ठेवावे आणि गाडी चालवणाऱ्याला यात धरू नये.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जेवण काल झाले, म्हणून वृत्तांत देतो. वड्यांबरोबर आणि सुरमईबरोबर नाशिकची सॉव्हिन्यों ब्लाँ दिली. वांगी आणि मटण यांसाठी शेनिन, झिनफँडेल रोझे आणि एक शिराझ अशा तीन बाटल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. मटण रस्सा आणि सुके अशा दोन्ही प्रकारांनी केले होते. रश्श्याबरोबर बहुतेकांनी रोझे पसंत केली, सुक्याबरोबर शिराझला निर्विवाद मान मिळाला, आणि वांग्यांबरोबर शेनिन इतकी जुळली की ती बाटली सर्वांत आधी संपली. रेडच हवी असा आग्रह धरणाऱ्या मित्रानेही रश्श्याच्या वेळी आपणहून रोझेचा पेला पुढे केला. श्रीखंडाबरोबर लेट हार्व्हेस्ट दिली, परंतु चक्का गोड असल्यामुळे ती फिकी पडली. खमंग फोडणी ताईंनी साखर कमी करायला का सांगितले ते कळले.

आता दोन शंका उरल्या आहेत. अर्धी शिराझ शिल्लक आहे, ती किती दिवस टिकेल? आणि शेनिनची एक बाटली तशीच बंद आहे, ती पुढच्या वर्षीच्या वाढदिवसासाठी ठेवावी का?

तिरफळ

शिराझचे झाकण घट्ट लावून बाटली उभी फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगली राहील. घोटभर उरली तर मटणाचा मसाला परतताना घाला, अल्कोहोलचा वास जाईपर्यंत आटू द्या.

द्राक्षमळा

शेनिन ठेवू नका. या दराची व्हाइट वाइन ताजेपणासाठीच केलेली असते आणि तोडणीच्या वर्षापासून एक-दोन वर्षांत संपवावी. लेबलवरील वर्ष हे तोडणीचे असते, आणि आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होत असल्यामुळे बाटलीचे वय मोजणे सोपे आहे. दुकानात घेतानाही ते वर्ष पाहावे, आणि काचेच्या तावदानात उन्हात उभी केलेली बाटली कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नये. वाढदिवसाला नवी बाटली आणा, आणि ही या रविवारी अळूवडीबरोबर उघडा.